चुंबळ

फाल्गुन लागला की लालबागच्या मिरची गल्लीतून न शिंकता पार गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मसाला कुटणारे डंक सकाळी सुरू होतात ते संध्याकाळपर्यंत थांबत नाहीत. लाल धूळ पापण्यांवर बसते, आणि रांगेतल्या बायका पदराने डोळे पुसत एकमेकींना विचारतात, "शिमग्याक जातास मां?"

या एका प्रश्नात आमच्या परळ-लालबागचं अर्धं कॅलेंडर आहे. गणपतीला आम्ही गावी जातो ते घरासाठी. शिमग्याला जातो ते दारासाठी. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते आणि वाडीवाडीतून घरोघरी फिरते. ज्या घराचं दार उघडं, अंगण सारवलेलं, दिवा लावलेला, तिथे ती अंगणात उतरते. घरातली बाई पुढे होऊन देवीची ओटी भरते. ज्या घराला कुलूप असेल तिथून ती पुढे जाते. कुणी रागावत नाही, कुणी टोमणा मारत नाही. ढोल वाजत वाजत पुढच्या अंगणात जातो, एवढंच. पण परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत बसलेल्या माणसाला तो न थांबलेला ढोल वर्षभर ऐकू येत राहतो.

आमच्या गावच्या घराला तीन शिमगे कुलूप होतं. दोन बाबांच्या आजारपणाचे, एक ते गेल्यानंतरचा. गेल्या वर्षी याच दिवसांत, याच गल्लीतून मिरच्या घेऊन येताना आई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "औंदा दार उघडायचा. मी स्वतः ओटी भरणार."

"जाऊ की," मी म्हणाले. "आपली गाडी आहे."

आईने माझ्याकडे बघितलं. "तुझी ती हाडमोडी?"

हाडमोडी म्हणजे माझी जीप. उघडी, हिरवी, लिलावातून आणलेली, वर लोखंडी पाइपांचा सांगाडा. मी आणि माझा मित्र संत्या, आम्ही दर दुसऱ्या रविवारी ती कर्जतच्या मागच्या नाल्यांत घालायचो. दगडांवरून चढवायची, चिखलातून काढायची, कुणाची रुतली तर दोराने ओढायची. संध्याकाळी चाळीच्या तोंडाशी ती उभी केली की पोरं तिला 'रणगाडा' म्हणायची आणि मला ते फार आवडायचं. चारही चाकांवर कमानीचे पाटे होतेच, त्यांत मी एकेक जादा घालून घेतला होता, म्हणजे गाडी कडक राहावी, कितीही आपटली तरी बसू नये. मागच्या सीटची गादी काढून तिथे सागाची फळी ठोकली होती.

आता हे सांगताना हसू येतं, पण ती फळी माझ्यासाठी तत्त्व होती.

मी पत्रकांवर वाढले. हे शब्दशः घ्या. आमच्या खाटेखाली ट्रंका नव्हत्या, पत्रकांचे गठ्ठे होते. बाबा गिरणीत होते आणि गिरणी बंद पडल्यावरही बाबांचं लिहिणं बंद पडलं नाही. मी अक्षरं शिकले ती 'कामगार बंधू-भगिनींनो' या ओळीवरून. बाबांचा दंडक होता की पत्रक एका पानाचं असावं, त्यात एकच मागणी असावी, आणि ते माणसाला उभ्याउभ्या वाचता यावं. मग गिरण्यांच्या जागी काचेचे टॉवर उभे राहिले. त्यांच्या जाहिरातींत एकच शब्द सगळीकडे असायचा, आराम. आरामदायी घरं, आरामदायी जीवन. ज्या जमिनीवर माझ्या बापाने उभ्याने पाळ्या केल्या तिथे कुणीतरी तेराव्या मजल्यावर लोळत होतं. आराम या शब्दाचा मला लहानपणापासून राग आहे. तो राग मी जपला, वाढवला आणि शेवटी एका जीपच्या मागच्या सीटवर नेऊन ठोकला.

एवढ्यावर थांबले असते तर मी पत्रकवाल्याची मुलगी कसली? मी एक पत्रक लिहिलं. आमच्या रविवारच्या टोळीसाठी, 'आम्ही गादी का नाकारतो?' अशा मथळ्याचं. रस्ता हाडांना कळला पाहिजे, जो धक्का चुकवतो तो सत्य चुकवतो, असलं बरंच काही. मागणी अर्थातच एक, 'गाडीत गादी नको.' दोनशे प्रती छापल्या. टोळीत माणसं होती नऊ.

त्या दोनशे प्रतींच्या घड्या आईने घातल्या. तिने आयुष्यभर बाबांच्या पत्रकांच्या घातल्या, तशाच. जमिनीवर बसायचं, पुढे वाकायचं, कागद तीन भागांत दुमडायचा आणि घडीवरून चमच्याची पाठ फिरवायची. हजारो घड्या. मधे उठून आठ डब्यांचा स्वयंपाक, कारण गिरणी बंद पडल्यावर घर तिच्या डब्यांवर चाललं. आणि परत येऊन वाकायचं. माझं पत्रक तिने दुमडताना वाचलं. म्हणाली, "बरा लिवलंस," आणि चमचा फिरवत राहिली.

परळच्या इस्पितळात डॉक्टरांनी तिच्या मणक्याचा फोटो प्रकाशासमोर धरून दाखवला होता. "इथे चकती सरकलीय. वाकणं बंद, ओझं बंद, धक्के अजिबात नकोत." हे मला माहीत होतं. तरी मी तिला फळीवर नाही, पुढच्या सीटवर बसवलं, पाठीला एक उशी दिली आणि तेवढ्यावर स्वतःला उदार समजले.

गेल्या शिमग्याचा तो प्रवास मी अनेकदा विसरायचा प्रयत्न केला आहे. हायवेवरचे खड्डे, खोदून ठेवलेले पट्टे, घाटातली वळणं. आई हँडल धरून बसली होती आणि सावरीची लाल फुलं दाखवत होती. राजापूरच्या पुढे आत वळल्यावर आमच्या वाडीपर्यंत सात किलोमीटर दगडांची वाट आहे, आणि शेवटी व्हाळ, म्हणजे आमचा ओढा. फाल्गुनात त्यात घोटाभर पाणी असतं, पण धोंडे नारळाएवढे, काही त्याहून मोठे. बाजूने पायवाटेचा साकव, म्हणजे छोटा पूल आहे. तिथे थांबून आईला उतरवता आलं असतं. चार माणसं हाक मारल्यावर आली असती.

मी थांबले नाही. कारण पलीकडच्या काठावर वाडीतली पोरं उभी होती, आणि अशा व्हाळासाठीच तर मी ती जीप घडवली होती. लो गिअर टाकला आणि उतरवली. गाडीने आपलं काम चोख केलं. एका धोंड्यावरून दुसऱ्यावर, ठाण, ठाण. पोरांनी शिट्ट्या मारल्या. पलीकडे चढल्यावर मी विजयी चेहऱ्याने आईकडे वळले.

तिने पदराचा बोळा दातांत धरला होता.

अंगणात गाडी थांबल्यावर ती म्हणाली, "उतरूक येणा नाय गो." एवढंच. चार जणांनी तिला उचलून माजघरात चटईवर झोपवलं. अंगण शेजारणींनी सारवलं. दिवा मी लावला. तिसऱ्या प्रहरी ढोल जवळ आला, पालखी खळ्यात, म्हणजे अंगणात उतरली, गुलालाचा वास आत आला. गावचे मानकरी बापूकाका दारात येऊन म्हणाले, "आवशीन ओटी भरूक होयी. ती खय?"

मी ताट घेऊन बाहेर गेले. मला ओटी भरता येत नाही. देवावर माझा विश्वास नाही, बाबांचाही नव्हता. पालखी आली की ते भिंतीला टेकून, हात पाठीमागे बांधून उभे राहायचे, आणि ओटी आईची असायची. मी तांदूळ सांडले, नारळ उलटा ठेवला. कुणी हसलं नाही. पालखी नेहमीइतकीच थांबली आणि गेली. आत येऊन बघितलं तर आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. ढोल पुढच्या घरी पोचेपर्यंत ती वळली नाही.

त्या दिवसाबद्दल मला ती काही बोलली नाही. त्या वर्षभरात एकदाही नाही. ती बोलली असती तर मी वाद घातला असता, मला वाद घालता येतो. न बोललेल्याला उत्तर कसं द्यायचं हे आमच्या घरात कुणी शिकवलं नव्हतं.

परतीला तिला जीपमध्ये घालायची माझी हिंमत नव्हती. शेजारच्या वाडीतले एक गृहस्थ आपली मोठी गाडी घेऊन मुंबईला निघाले होते. लांबच्या वाटांसाठी बनवलेली, उंच, चारही चाकं ओढणारी, पण आत मऊ सीट, बंद काचा. जिला मी आणि संत्या 'सोफासेट' म्हणून हिणवायचो त्या जातीची. त्यांनी पुढची सीट जवळजवळ आडवी करून आईला निजवलं आणि मी मागून जीप घेऊन निघाले.

व्हाळात ती गाडी माझ्या पुढे उतरली, आणि मला जे दिसलं ते मी आजही डोळ्यांपुढे आणू शकते. चाकं उडत होती. माझ्या जीपची उडायची तितकीच, त्याच धोंड्यांवरून. पण वरची गाडी उडत नव्हती. ती पाळण्यासारखी सावकाश डुलत होती. खाली सगळा व्हाळ आपटत होता आणि वर काचेतून आईच्या डोक्याचा अंबाडा दिसत होता, एका बाजूला कललेला. ती झोपली होती.

रस्ता तोच होता. चाकांनी तो चुकवला नव्हता. माझं सगळं पत्रक त्या अंबाड्यापुढे मला परत वाचावं लागलं.

मत बदलायला मला मात्र आणखी एक महिना लागला. आमच्या घरात मत बदलणं सोपं नसतं, कारण ते छापलेलं असतं.

चैत्रातली सकाळ. आई खाटेवर आडवी. दारात आमची कोळीण भारतीमावशी आली, माझगावच्या धक्क्यावरून येते ती. पाटी उतरवायला मी हात लावला. पाटीखाली डोक्यावर चुंबळ होती, जुन्या लुगड्याच्या पिळाची, ओलसर, बोंबलाचा वास येणारी.

"काय गो बाय, अजून आडवी? आता काय गणपतीला उठशील?" मावशी आईला म्हणाली.

चुंबळ हातात घेऊन मी विचारलं, "मावशी, डोकं दुखू नये म्हणून ना ही?"

मावशी हसली. "डोक्याचं काय घेऊन बसलीस? डोकं आपलंच हाय, दुखलं तर दुखलं. चुंबळ नसली तर पाटी डगमगते. पाटी डगमगली की म्हावरा रस्त्यावर. मग तुझी आई रस्त्यावरचा उचलून खाईल काय?"

खाटेवरून आई म्हणाली, "तुझे आजोबा कॉटन ग्रीनच्या गोदामात हमाल होते. पाठीवर गोणपाटाची घडी घेतल्याबिगर गोण घेत नसत. ती काय फितुरी होती?"

तिने माझं पत्रक खरंच वाचलं होतं, तर.

मावशी मासे साफ करत होती आणि मी ती चुंबळ हातात फिरवत बसले. टॉवरवाल्यांच्या आरामाचा मला आजही राग आहे, तो जाणार नाही. तो आराम माणसाला रस्त्यापासून तोडतो, भिंत घालतो, वॉचमन उभा करतो. पण ओझं आणि माणूस यांच्यामध्ये ठेवलेली कापडाची घडी ही वेगळी गोष्ट आहे. ती ओझं नाकारत नाही, ते पोचवते. मी इतकी वर्षं गोणपाटाच्या घडीवर आणि तेराव्या मजल्यावर एकच शिक्का मारत होते. आणि शिक्का मारणाऱ्या माझी पाठ धडधाकट होती, हे सोयीस्करपणे विसरत होते. आमच्या घरातल्या प्रत्येक तत्त्वाच्या खाली एक पाठ होती. तिच्यावर घडी ठेवायचं कुणालाच सुचलं नव्हतं, बाबांनाही नाही.

माझगावला अन्वरचाचांचं गॅरेज आहे. जीपचे जादा पाटे त्यांनीच घातले होते, मला तीनदा विचारून. मी म्हणाले, "चाचा, जीप विकायचीय. लांबच्या प्रवासाची, मऊ गाडी बघा. पण व्हाळ पार झाला पाहिजे."

चाचांनी हात पुसले. "बेटा, मैंने तब भी बोला था. तेरी जीप में पाटा नहीं, ज़िद लगी है." मग हसून म्हणाले, "अम्मी के लिए चाहिए ना? तो ऐसे बोल. मैं इंजन बाद में देखूंगा, पहले सीट पे बैठ के देखूंगा."

आणि खरंच, त्यांनी तीन गाड्या नाकारल्या त्या सीटवर बसून. चौथी एका निवृत्त डॉक्टरबाईंची होती, बारा वर्षं वापरलेली, राखाडी. चाचा तिच्यात बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "हां. इसमें नींद आएगी."

जीप संत्याने घेतली. किल्ली घेताना त्याने माझी सालटी काढली. "सोफासेट घेतलास? कॉम्रेड, आता पुढचा मोर्चा एसी लावून काढ. घोषणा रेकॉर्ड करून ठेव, घसा नको दुखायला."

"संत्या, तुझ्या आईला घेऊन एकदा बस त्या फळीवर," मी म्हणाले.

त्याने फळीवर हात दाबून बघितला. मग हळू आवाजात म्हणाला, "फळी काढून टाकू काय गं?"

"गाडी तुझी आहे. पत्रक माझं होतं, ते मी मागे घेतलंय."

हे वाक्य बाबांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नव्हतं. बोलल्यावर वाटलं होतं त्यापेक्षा हलकं वाटलं. उरलेल्या एकशे ऐंशी प्रती आईने यंदा गच्चीवर मिरच्यांखाली अंथरल्या. 'जो धक्का चुकवतो' या ओळीवर बेडगी मिरची वाळते आहे.

होय, यंदाही आम्ही गेलो. आठवड्यापूर्वीच परतलो.

जाताना आई पनवेलच्या पुढेच झोपली. तोंड किंचित उघडं, हातात लिमलेटची गोळी तशीच. मी तिला असं झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. आमच्या खोलीत ती सगळ्यांनंतर झोपते आणि सगळ्यांच्या आधी उठते. एकोणतीस वर्षं तिच्यासोबत राहून मला तिचा झोपलेला चेहरा माहीत नव्हता. घाटात ऊन तिच्या गालावर यायचं, वळण आलं की जायचं. मी रस्ता कमी आणि तिला जास्त बघत होते, हे कबूल करते.

दगडांची वाट आली, ती झोपलेलीच. व्हाळ आला. पलीकडे पोरं उभी होती, कदाचित गेल्या वर्षीचीच. मी इतकी हळू उतरवली की त्यांचा विरस झाला. चाकं धोंडा चढायची, उतरायची, खालून दगडांचं दळण ऐकू यायचं आणि वर नुसतं डुलणं. कुणी शिट्टी मारली नाही. इतका चांगला व्हाळ मी आयुष्यात पार केलेला नाही.

अंगणात गाडी थांबली तशी ती जागी झाली. "व्हाळ खय गेलो?"

"गेलो मागे."

"खोटा बोलतंस," ती म्हणाली, आणि दार उघडून स्वतः उतरली. दोन्ही पाय जमिनीवर. अंगण तिने सारवायला घेतलं नाही, डॉक्टरांची शपथ घातली होती, पण शेजारणींना कुठे राहिलं ते खुर्चीत बसून इतकं दाखवलं की त्या म्हणाल्या, "काकी, गेल्या वर्षी बरी होतंस गो, आडवी होतंस."

पालखी आली. आईने ओटी भरली, तांदळाचा एक दाणा न सांडता. नारळ कुठल्या बाजूने ठेवतात ते मी या वेळी नीट बघितलं. मग बापूकाकांनी गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवापुढे मांडलेली मागणी; प्रत्येक वाक्याला बाकीचे होकार देतात. "बा देवा म्हाराजा, गेल्या साली ही बाय पडून होती, औंदा तुझ्या पुढ्यात उभी आसा."

"व्हय म्हाराजा!"

"मुंबैसून येवची वाट लांब. तिच्यात जो काय धोंडो आसात तो दूर कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

एका पानाचं, उभ्याउभ्या ऐकता येणारं, एकच मागणी. बाबा असते तर त्यांनी मान डोलावली असती. पण 'म्हाराजा' म्हणाले नसते. मीही म्हणाले नाही. मी भिंतीला टेकून त्यांच्याच जागी उभी होते, हात पाठीमागे बांधून.

पालखी उचलली. आमच्याकडे ती नुसती नेत नाहीत, खांद्यावर नाचवतात, तासन् तास. नाचताना माझ्या पुढ्यातल्या गड्याच्या खांद्यावरची पंच्याची घडी घसरली आणि दांडी थेट हाडावर आली. दोन्ही हात दांडीला, तो ओरडला, "अगो, घडी सार! घडी सार!"

मी पाठीमागचे हात सोडले आणि पुढे झाले. घामाने भिजलेला तो पंचा दांडी आणि खांदा यांच्यामध्ये सरकवला, दाबून बसवला. तो एका क्षणासाठीही थांबला नाही. देवाशी माझं अजूनही काही नातं नाही. खांद्याशी आहे.

परत निघताना व्हाळाशी आईने हाताने खूण केली. "थांबव. येताना दाखवलंस नाय."

मी गाडी काठाला लावली. ती उतरली, चपला काढल्या, एका सपाट धोंड्यावर बसून घोटाभर पाण्यात पाय सोडले. तिचं माहेरही याच गावातलं; लहानपणी इथूनच घागरी न्यायची ती, डोक्यावर दोन, चुंबळीवर. बराच वेळ बसली. मग हात पुढे केला, मी तिला उठवलं, सीटवर बसवलं, पाठीशी उशी लावली.

"उशी काढ," ती म्हणाली. "आणि काचा खाली कर."

"आई, धक्के बसतील."

"बसतले तर बसतले. सात किलोमीटर तर आसा. ह्यो माझो गाव, माका जरा कळाक होयो. हायवे लागलो की मग झोपतंय."

मी काचा खाली केल्या. आणि निघताना एक धोंडा, लहानसाच, मुद्दाम चाकाखाली घेतला.